साक्षीदार सवाष्णबाई हाजिर हो!

१

मला गंगेत कमरेइतक्या पाण्यात उभं करा, हातावर तुळशीपत्र ठेवा आणि मग विचारा. तरी हेच सांगीन! पुढे जे येतंय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. एक शब्द जरी खोटा निघाला तर माझ्या जिभेला हा एवढा फोड येवो, आणि तोही नेमका भरल्या मिरचीच्या लोणच्याच्या दिवसांत!

तर ऐका.

सकाळचे साडेआठ वाजले होते. ब्रह्माघाटावरच्या आपल्या खोलीत शरदिनीबाई मुळ्ये चहात टोस्ट बुडवत होत्या. तेवढ्यात दारात काठी आपटली आणि दिनानाथ करंबेळकर बाहेरूनच गरजले, "ताई, मी पुस्तक गंगेत टाकायला चाललोय! तुम्हाला साक्षीला न्यायला आलोय!"

"कुठलं पुस्तक?"

"हे!"

त्यांच्या हातात कळकट तपकिरी डिस्चार्ज बुक होतं. फौजेतून सुटताना शिपायाला मिळतं ते. नोकरी कुठे केली, काय भोगलं, कुठली मेडलं मिळाली, सगळा जन्म त्यात लिहिलेला. फक्त दिनानाथांच्या पुस्तकात 'परदेशी सेवा' या रकान्यात एक शब्द होता: शून्य. 'पदके' या रकान्यात: शून्य. आणि इस्पितळाच्या रकान्यात कुणीतरी बाबूनं लिहून ठेवलं होतं: लंका, वाराणसी.

आता बनारसबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या या शहरात लंका नावाचा एक मोहल्ला आहे, विश्वविद्यालयाच्या फाटकाशी. लस्सी, पुस्तकांची दुकानं, पोरापोरींची झुंबड. अठ्ठ्याऐंशी साली दिनानाथ गेले होते ते खऱ्या लंकेत, समुद्रापलीकडे. तारा जोडणारा माणूस कमी पडला म्हणून दुसऱ्या पलटणीला उसने दिले गेले होते. म्हणून त्यांच्या स्वतःच्या पलटणीच्या कागदांत ते इथंच. तिकडे नऊ सप्टेंबरला सुरुंग फुटला आणि डावा पाय कायमचा अधू झाला. पण कागदावर लंका म्हणजे लस्सीवाली लंका! तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना 'लंका-काका' म्हणायची आणि मागून फिदीफिदी हसायची.

आता दोष सगळा गल्लीचाही नव्हता. दिनानाथांना गप्पा मारायची खोड. हत्तीला जिलबी खायला शिकवली, मगरीच्या पाठीवर बसून नाला ओलांडला, असलं रोज काहीतरी. त्या ढिगात खरं बोललेलं सापडणार कसं?

"आत या. बसा. काय झालं ते नीट सांगा," शरदिनीबाई म्हणाल्या. त्या तीस वर्षं स्टेशनवर 'पूछताछ'च्या खिडकीत बसलेल्या. कितीही तापलेला माणूस समोर आला तरी त्यांचा आवाज चढत नसे.

दिनानाथांनी सरकारी कागद पुढे केला. दुरुस्तीचा अर्ज चौथ्यांदा केला होता. तीनदा परत आलेला. या खेपेला माजी सैनिकांच्या कार्यालयात सुनावणी ठरली होती, येत्या गुरुवारी, सकाळी अकराला. आणि आज हे पत्र. शरदिनीबाईंनी मोठ्यानं वाचलं.

"'डाक से प्राप्त एक पंडाजी की बही के पन्ने के अनुसार आवेदक चार सितंबर १९८८ को वाराणसी में थे. वे लंका से आए थे और उनका पैर पहले से घायल था. अतः नौ सितंबर को विदेश में घायल होने का दावा संदिग्ध है. आवेदक यह भी बताएँ कि उस दिन साथ में भोजन करनेवाली श्रीमती सवाष्ण कौन हैं. उन्हें गवाही के लिए हाजिर किया जाए.'"

शरदिनीबाईंना ठसकाच लागला. टोस्ट नाकात गेला. "श्रीमती सवाष्ण!" म्हणून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आणि मग एकदम हसायच्या थांबल्या.

"दिनू, तू घरी कधी आलास?"

"ऑक्टोबरात! कुबड्या घेऊन! चार सप्टेंबरला मी तिकडे खांबावर चढलेला होतो, दोन्ही पाय शाबूत!" त्यांनी काठी पुन्हा आपटली. "ताई, आता गुरुवारी हेही गेलं तर संपलं. मेल्यावर पुस्तकात लिहिलेलं राहील की हा माणूस थापाड्या होता. माझी गीता ते जपून ठेवील ट्रंकेत. मला ते नकोय. त्यापेक्षा गंगेला देतो."

"गुरुवारपर्यंत मला दे," शरदिनीबाई म्हणाल्या आणि पुस्तक काढून घेतलं. "वही खोटी आहे, का तू खोटा आहेस, का आणखी कुणी? तीन दिवस मला पुरतात."

२

शरदिनीबाईंचं खिडकीतलं शिक्षण एकच. माणूस जे विचारतो ते त्याला विचारायचं नसतं. 'गाडी किती लेट?' म्हणणाऱ्याला खरं तर 'ती येणार ना?' विचारायचं असतं. म्हणून त्यांनी कार्यालयात जाऊन तिथल्या कारकुनाला, लल्लनबाबूंना, पन्ना मागितलाच नाही. मागितला असता तर मिळाला नसता.

"भैया, लिफाफा तो बड़ा सुंदर आया होगा?" त्यांनी विचारलं.

लल्लनबाबू खूश. एवढ्या वर्षांत कुणी लिफाफ्याची चौकशी केली नव्हती. "सुंदर काहे का, माताजी! भेजनेवाले का नाम तक नहीं. ऊपर से लाल स्याही का दाग." त्यांनी फाईल उघडून रिकामं पाकीट काचेमागून दाखवलं. चार कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर एक लालसर ठिपका, शेजारी पिवळट झाक.

"और पन्ना पढ़ा किसने? मराठी में था न?"

"हमने!" लल्लनबाबूंनी छाती फुगवली. "भादो बदी नवमी, सन अट्ठासी. पंचांग निकाला, तारीख मिलाई. चार सितंबर. अक्षर तो वही देवनागरी है न."

"पन्ना देखूँ जरा?"

"ना ना. सुनवाई के दिन."

"और मान लीजिए, पन्ना गलत समझा गया हो तो?"

"तो भी, माताजी, बेनाम शिकायत फाइल में लग गई है. जब तक भेजनेवाला खुद सामने आके न कहे कि शिकायत नहीं है, फाइल ऊपर नहीं जाएगी. नियम है. साल भर की नई जाँच बैठेगी."

ऑटोत बसल्यावर शरदिनीबाई दोन गोष्टी घोळवत राहिल्या. भादो बदी नवमी, म्हणजे भाद्रपद वद्य नवमी. आणि चार कोपरे, चार ठिपके. पहिलीवर त्या गालातल्या गालात हसल्या. दुसरीनं मात्र ते हसू मावळलं.

३

पहिला संशयित शेजारीच राहायचा. सुभेदार रामअधार, माजी सैनिक संघाचे अध्यक्ष. दर सव्वीस जानेवारीला परदेशी जाऊन आलेल्या शिपायांना खुर्चीवर बसवून हार घालायचे आणि दिनानाथांना मुद्दाम सतरंजीवर बसवायचे.

"आपने भेजा?" शरदिनीबाईंनी दारातच विचारलं.

रामअधार लालबुंद झाले. "बहनजी! करंबेळकर हाथी को जलेबी खिलाता है, हम मानते नहीं. लंका गया था, वो भी नहीं मानते. लेकिन हम शिकायत करें और बेनाम?" त्यांनी खण ओढून तीन रबरी शिक्के टेबलावर ठेवले. अध्यक्षाचा, संघाचा आणि स्वतःच्या नावाचा. "भतीजी के ब्याह का कार्ड छपा, उस पर भी हमने तीनों मोहर मारी. घरवाली आज तक नहीं बोलती."

शरदिनीबाईंनी मनातल्या मनात त्यांच्या नावावर काट मारली. शिक्का मारल्याशिवाय ज्याला शिंकही येत नाही, तो माणूस कोरं पाकीट कसला टाकतो!

दुसरा संशयित मुकुल. दिनानाथांचा पुतण्या, अठ्ठावीस वर्षांचा, टुरिस्टांना घाट दाखवायचा आणि काकांच्या गप्पांच्या रील काढून टाकायचा. 'लंका-काका पार्ट चौदा' म्हणे चाळीस हजार लोकांनी पाहिला होता. काका खरे ठरले तर त्याची दुकानदारी बंद. मंगला गौरीच्या पायऱ्यांवर तो सापडला.

"मुकुल, टपालात पाकीट तू टाकलंस?"

"मावशी, पाकीट? कसम से, मला हेही माहीत नाही की तिकीट कुठल्या कोन्याला लावतात. आपल्या इथे लाल डबा अजून आहे काय?" मग तो जरा ओशाळला. "काका रडले काय आज? काकू म्हणत होती जेवले नाहीत."

"काकू आणखी काय म्हणत होती?"

"काही नाही. तीही जेवली नाही. नुसती देवापुढे बसली आहे, दो दिन से. फारसं बोलत नाही. मी रील उतरवून टाकू काय, मावशी?"

"राहू दे. गुरुवारनंतर नवी काढायला लागेल," शरदिनीबाई म्हणाल्या आणि ताडताड पायऱ्या उतरल्या. दोन दिवस? पत्र तर आज सकाळी आलं होतं!

४

बाळू गुरुजी पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला राहायचे. करंबेळकरांची श्राद्धं-पक्ष तीन पिढ्या त्यांच्याच घरी. त्यांचे वडील रोज संध्याकाळी त्या दिवशी कुणाचं काय केलं ते वहीत टिपून ठेवायचे. गुरुजींचं आणि दिनानाथांचं हाडवैर. दिनानाथांनी एकदा त्यांना चारचौघांत 'पिंडांचा घाऊक व्यापारी' म्हटलं होतं.

"वही पाहिजे," शरदिनीबाई म्हणाल्या.

"वही या घराबाहेर जात नाही, शरदिनीबाई. सून माहेरी जाते, गाय चरायला जाते, वही जात नाही."

"बाहेर कोण नेतंय? पाटावर बसून वाचते. जशी ती बाई बसली होती."

गुरुजी चपापले. "कुठली बाई? मी यजमानांची नावं सांगत नाही."

"बाईच होती म्हणजे?"

"तुम्ही ना!" गुरुजी चिडले, मग हसले. खिडकीपुढे कुणाचं चाललंय! "आली होती कुणी एक. मोबाईलवर फोटो काढू दिला. वाचताना दोनदा डोळे पुसले तिनं, एवढं सांगतो. पुढे विचारू नका."

त्यांनी लाल फडक्यातून वही सोडली आणि पान उघडलं. पानाच्या माथ्यावर सन १९८८. शरदिनीबाईंनी चष्मा पुसून वाचलं:

'भाद्रपद वद्य ९. करंबेळकर चि. दिनानाथ लंकेहून आला. पाय जायबंदी. आधी शुद्धी, पंचगव्य. मग मातेचे बसून केले. सवाष्ण जेवली.'

त्यांनी एक पान मागं उलटलं. तिथं काय होतं ते बघितलं. आणि बहात्तर वर्षांची ती बाई पाटावरून अशी उठली की गुरुजींची मांजर कपाटावर चढून बसली.

"गुरुजी! वही एकटी बाहेर जात नाही. पण तुमच्या डोक्यावर बसून तर जाईल?"

"माझ्या डोक्यावर? कशाला?"

"तुमच्या वडिलांच्या अक्षरावर सरकार संशय घेतंय. म्हणताहेत की वही खोटी, नाहीतर यजमान खोटा."

गुरुजींची शेंडी उभी राहिली. "बाबांचं अक्षर खोटं? कुठे आहे ते कार्यालय?"

५

गीताबाई करंबेळकर देवापुढे नव्हत्या. स्वयंपाकघरात विळीवर भेंडी चिरत होत्या आणि चिरलेली पुन्हा चिरत होत्या. दिनानाथ घाटावर गेलेले. शरदिनीबाई शेजारी जमिनीवरच बसल्या.

"गीता, लग्नाच्या पत्रिकेला कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात. बारशाच्या, मुंजीच्या चिठ्ठीलाही. पण कुणाच्या वाईटावर उठलेला माणूस पाकिटाला कुंकू लावतो का गं?"

विळी थांबली.

"लल्लनबाबूला ती लाल शाई वाटली. मला नाही वाटली. चांगलं व्हावं म्हणून पाठवलंय हे, असं मी तेव्हाच समजले. आणि सरकारी पत्र आज आलं, तू जेवायची थांबलीस परवापासून."

"परवा मी फोन केला होता तिथे," गीताबाई हळूच म्हणाल्या. "पोचलं का विचारायला. तो बाबू म्हणाला, हो हो, पोचलं, आता करंबेळकर फँस गए." आणि त्यांचा बांध फुटला. "ताई, मी त्यांना तारायला गेले आणि मीच बुडवलं!"

"तू वही बघायला का गेलीस?"

गीताबाईंनी पदर तोंडाला लावला. "लग्न होऊन आले तेव्हा म्हणाले, लंकेत होतो. बरं म्हटलं. मग म्हणाले, हत्तीला जिलबी शिकवली. तेही बरं म्हटलं. मग मगर. चौतीस वर्षं मी हो हो म्हणते आहे, ताई, पण आत कुठंतरी वाटायचं की हा पायही जिलबीसारखाच असेल तर? कुठल्या रिक्षाखाली आला असेल तर? सुनावणीची तारीख आली तेव्हा वाटलं, एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं. गेले. आणि लिहिलेलं होतं! लंकेहून आला! मला इतका आनंद झाला की घरी येऊन फोटो छापून आणला, पाकीट केलं, देवापुढे ठेवलं, कुंकू लावलं..."

"आणि नाव नाही घातलंस."

"नाव घातलं असतं तर त्यांना कळलं असतं की मी पडताळा पाहायला गेले होते. ताई, मला वचन द्या. माझं नाव घेणार नाही. सगळ्या जगानं त्यांना खोटं म्हटलं ते त्यांनी सोसलं, का, तर घरात मी खरं मानते म्हणून."

पाठवणाऱ्यानं समोर आल्याशिवाय फाईल हलणार नाही, हे शरदिनीबाईंना माहीत होतं. ते त्यांनी गीताबाईंना सांगितलं. आणि तरीही वचन दिलं.

६

गुरुवारी पावणेअकराला छावणीच्या रस्त्यानं जी वरात आली ती त्या कार्यालयानं कधी पाहिली नसेल! पुढे सोवळं नेसून, डोक्यावर लाल फडक्यातली वही घेऊन बाळू गुरुजी. मागे काठी आपटत दिनानाथ, शेजारी गीताबाई. त्यामागे मुकुल. आणि सर्वांत मागे, तीनही शिक्के खिशात घालून, सुभेदार रामअधार, "देखें तो सही" म्हणत.

सुनावणी घेणारे कॅप्टन ओझा निवृत्त, पिकल्या मिशांचे, माणूस सरळ. त्यांनी फाईल उघडली आणि आधी बाहेर पुकारा झाला, "गवाह श्रीमती सवाष्ण हाजिर हो!"

"हाजिर नहीं हो सकतीं," शरदिनीबाई उठल्या. "कारण भी बताऊँगी. साहब, तीस साल लोग खिड़की पर आके मुझसे पूछते रहे. आज मुझे पूछने देंगे? बस तीन सवाल. लल्लनबाबू से."

कॅप्टनसाहेबांना गंमत वाटली. "पूछिए."

"लल्लनबाबू, जन्माष्टमी कब पड़ती है?"

"ये भी कोई सवाल है! भादो बदी अष्टमी."

"गुरुजी, आपल्याकडे?"

"श्रावण वद्य अष्टमी," गुरुजी म्हणाले.

"दिन अलग?"

"दिन एकच. सगळ्या काशीत त्याच रात्री जन्म होतो."

लल्लनबाबूंच्या कपाळावर पहिली आठी पडली.

"आपका महीना पूनम को खतम होता है, हमारा अमावस को," शरदिनीबाई म्हणाल्या. "शुक्ल पक्ष में दोनों का नाम एक. कृष्ण पक्ष में जो आपका भादो, वो हमारा सावन. और जो हमारा भाद्रपद, वो आपका?"

"कुआर, मतलब आश्विन," लल्लनबाबू पुटपुटले.

"हम मराठी दो सौ साल से काशी में रहते हैं, गंगा आपकी, पान आपका, पर महीना हम घर से लाए हुए ही गिनते हैं. आपने हमारी तिथि अपने पंचांग में ढूँढ़ी. पूरा एक महीना पीछे चले गए. दूसरा सवाल गुरुजी की बही से."

बाळू गुरुजींनी वही सोडली. एक पान मागं उलटलं. तिथं त्याच शाईत होतं: 'भाद्रपद शुद्ध ४. गणपती बसवला.' आणि त्याच्या पुढच्या पानावर वद्य नवमी.

"आपके भादो में बदी पहले आती है, गणेश चौथ बाद में," शरदिनीबाई म्हणाल्या. "यहाँ गणपति पहले बैठे हैं, बदी नवमी बाद में लिखी है. लिखनेवाला रोज शाम को लिखता था. तो ये कौन-सी नवमी हुई?"

कॅप्टनसाहेब खुर्चीतून पुढे झुकले. लल्लनबाबूंनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं. "चार अक्तूबर, सर."

दिनानाथांची काठी हातातून सुटून खाली पडली. "म्हटलं नव्हतं? ऑक्टोबर! कुबड्या!"

"चूप, दिनू. तीसरा सवाल. ब्रह्माघाट से लंका कितनी दूर है, लल्लनबाबू?"

"ऑटो से आधा घंटा. हम तो रहते ही वहीं हैं."

"रोज आते हैं? तो रोज गोमूत्र, गोबर, दूध-दही-घी पीके, शुद्ध होके फाइल छूते होंगे?"

हास्याचा असा स्फोट झाला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "यहाँ लिखा है," शरदिनीबाईंनी वहीवर बोट ठेवलं, "'आधी शुद्धी, पंचगव्य.' गुरुजी, तुमचे वडील पंचगव्य कुणाला देत?"

"समुद्र ओलांडून आलेल्याला," बाळू गुरुजी ताठ उभे राहिले. "जुन्या मताचे होते. समुद्रापलीकडे जाऊन आलेल्याला शुद्धीशिवाय श्राद्धाला बसू देत नसत. माझे एक शाळासोबती दुबईहून आले होते, त्यांनाही पाजलं. इथल्या अस्सी-लंकेहून आलेल्याला कशाला पाजतील? मग सगळं बनारस गोठ्यातच राहायला गेलं असतं!"

रामअधारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ते हळूच, भिंतीला टेकून, सावधानमध्ये उभे राहिले.

"और ये सवाष्ण जी?" कॅप्टनसाहेबांनी मिशीतल्या मिशीत हसत विचारलं.

"नाम नहीं है, साहब. सुहागन को हमारे यहाँ सवाष्ण कहते हैं. जिसकी माँ पति के रहते चल बसी हो, वो साल में एक दिन माँ का श्राद्ध करता है और एक सुहागन को जिमाता है. हम उसे अविधवा नवमी कहते हैं. आप लोग..."

"मातृ नवमी!" लल्लनबाबू ओरडले. टेबलावर थाप मारून उठलेच. "अरे सर! मातृ नवमी तो पितृपक्ष में पड़ती है! पितृपक्ष तो होता ही कुआर में है! हम तो खुद अम्मा की... हाय राम. पूछ लेते किसी से!"

"पूछताछ की खिड़की इसीलिए होती है," शरदिनीबाई म्हणाल्या.

कॅप्टनसाहेबांनी पेन उघडलं. मग थांबले. "बात साफ है. मैं लिख भी दूँगा. लेकिन ये बेनाम कागज शिकायत बनकर फाइल में बैठा है. भेजनेवाला कौन है, दुश्मन है, कोई गवाही छिपा रहा है? ऊपरवाले यही पूछेंगे. साल भर और लगेगा."

दिनानाथ वळले. त्यांनी रामअधारांकडे पाहिलं, मुकुलकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. "कोण आहे तो? पुढे या! अरे, एवढं माझं वाकडं कुणाला करायचं होतं?"

शरदिनीबाई खाली बघत राहिल्या. वचन म्हणजे वचन.

खुर्ची सरकली. "वाकडं करायचं नव्हतं," गीताबाई म्हणाल्या. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "साहब, शिकायत नहीं है. मैंने भेजा. पत्नी हूँ."

दिनानाथांनी डोळे बारीक केले. "तू? तू वही बघायला गेलीस? कशाला?"

"खरं आहे का ते बघायला."

कॅप्टनसाहेबांनी कागद पुढे सरकवला आणि गीताबाईंनी सही केली. पूर्ण नाव. गीता दिनानाथ करंबेळकर.

७

परतताना सगळे ऑटोत बसले. मैदागिनला उतरून गल्लीत शिरल्यावर दिनानाथ थांबले. शरदिनीबाई दोन पावलं मागं राहिल्या, पण कान त्यांचे पुढेच होते.

"चौतीस वर्षं?" दिनानाथ म्हणाले.

"तुम्ही हत्तीला जिलबी खायला शिकवलीत," गीताबाई म्हणाल्या. "मगरीवर बसलात. रामेश्वरला व्हेल मासा तुम्हाला नावानं हाक मारत होता. त्या सगळ्यात मी लंका कुठे ठेवायची होती? सांगा ना. कुठल्या फळीवर?"

दिनानाथांनी मान खाली घातली. "व्हेल नव्हता. डॉल्फिन होता."

आणि भर गल्लीत, समोरून येणाऱ्या सांडाला वाट न देता, ती दोघं हसायला लागली. सांडच बिचारा वळून गेला.

तीन महिन्यांनी पुस्तक दुरुस्त होऊन आलं. परदेशी सेवा: श्रीलंका. पदके: विदेश सेवा मेडल, आणि जखमी झाल्याबद्दलचं मेडल. खाली शिक्का, सही, तारीख. रामअधार स्वतः घरी आले, सॅल्यूट ठोकला आणि पुढच्या सव्वीस जानेवारीचं निमंत्रण दिलं. त्यावर तीन शिक्के होतेच. दिनानाथांनी पुस्तक स्वतः उघडलं नाही. गीताबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाच."

गीताबाईंनी रकाना मोठ्यानं वाचला. मग पुस्तक मिटलं, "आमटी उतू जातेय" म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

बरं, आता माझ्या जिभेला जरा खाज सुटली आहे, तेव्हा फोड यायच्या आत सांगून टाकते. आमटीचं तेवढं मी रचलंय. चुलीवर काहीच नव्हतं. गीताबाई कुठेही गेल्या नाहीत. त्या तिथेच, दिनानाथांच्या दुखऱ्या पायाशी बसल्या, पायावर डोकं ठेवलं आणि पोरीसारख्या हमसून हमसून रडल्या. आणि तो बडबड्या माणूस, ज्याच्यापाशी हत्तीचीसुद्धा गोष्ट होती, तो नुसता तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. हे कुणाला सांगायचं नाही असं दोघांनी मला, दारात उभ्या असलेल्या शेजारणीला, बजावलं होतं, म्हणून आमटी घालावी लागली.